मळी कुणाची

मळी या दोन अक्षरांच्या शब्दावरून माझ्या चुलत्यांनी मला घरातून घालवलं. आमच्या भागात माणसं बांधावरून भांडतात, विहिरीच्या पाळीवरून भांडतात, जत्रेतल्या मानावरून डोकी फोडतात. आमच्या घरात भांडण शब्दाच्या अर्थावरून झालं. कुणाला सांगितलं तर हसतात. हसोत. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं आणि आजही येत नाही.

कृष्णेच्या काठी जन्मलेल्याला मळी समजावून सांगावी लागत नाही. इतरांसाठी सांगतो. पावसाळ्यात नदी काठ सोडून रानात शिरते. पूर ओसरताना वळणाच्या आतल्या अंगाला, जिथं पाणी मंद होतं तिथं, गाळ टाकत जाते. दरवर्षी थरावर थर. दसऱ्याच्या सुमाराला पाणी खाली गेलं की तो थर उघडा पडतो. काळा, ओला, पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत घेणारा. ती मळी. कुणी मळई म्हणतात. तिच्यात खत घालावं लागत नाही, मोट-इंजिन लागत नाही. काकडी, भोपळा, दोडका, वांगी, जे टोचाल ते नुसत्या ओलीवर येतं. कराडच्या बाजारात बाई टोपलीवरचं फडकं बाजूला करून ‘मळीचं वांगं हाय’ एवढंच म्हणायची आणि गिऱ्हाईक भाव करायचं थांबायचं.

आमचा काठ सातारा जिल्ह्यात आणि पलीकडचा सांगलीत. वडील पलटणीत असतानाच गेले, आईही फार दिवस राहिली नाही. मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला चुलत्यांनी वाढवलं. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. त्यांना आणि काकीला स्वतःचं मूल नव्हतं. माणूस कष्टाळू, बोलायला तिखट, आणि एकदा मनात घेतलं की मागं न फिरणारा. मला त्यांनी मारलंही आणि शिकवलंही, दोन्ही भरपूर.

मळीचा अर्थ मला त्यांनीच शिकवला. मी शाळेत होतो तेव्हा मळी पलीकडच्या काठाला होती. आण्णा एका हिवाळ्यात सरळ नावेत बसले, पलीकडे गेले आणि तिथल्या मळीत काकडी टोचून आले. त्या काठाचा शेतकरी, अंगानं आडवा, मोठ्या आवाजाचा गडी, काठी घेऊन आला. आण्णा त्याला म्हणाले, “गड्या, मळी नदीची. तिला बांध न्हाई, तवा तिला मालक न्हाई. जो पेरंल त्यानं खावी. तू बी पेर, मी बी पेरतो.” त्या गड्याला हे पटलं. दोघांनी अर्धी अर्धी मळी केली. एकमेकांच्या काकड्या राखल्या, एकमेकांची तंबाखू खाल्ली. या ओळखीतूनच पुढं माझी बहीण त्या घरात सून म्हणून गेली. आण्णा सगळ्यांना सांगायचे, “लेक नदीपल्याड दिलीया. हाक मारली तर ऐकू जातीया.”

मग सत्तरच्या दशकात एका पावसाळ्यात नदीनं तोंड फिरवलं. वरून धरणाचं पाणी सुटलं, त्यात पाऊस थांबेना. पूर ओसरला तेव्हा पलीकडचा काठ तुटला होता. पावण्यांच्या, म्हणजे बहिणीच्या सासऱ्यांच्या, काळ्या रानाचा मोठा तुकडा गेला. बांधावरच्या दोन बाभळी मुळांसकट गेल्या. जुनी मळी तर गेलीच. आणि आमच्या काठाला, आण्णांच्या रानाला लागून, पूर्वी कधी नव्हती एवढी लांबरुंद मळी वर आली.

आण्णांनी ती नांगरली. ज्या मळीला कुणी नांगर लावत नाही, तिच्यात त्यांनी बैल घातले. कडेनं घायपात लावलं, मधून बांध घातला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, “नवा मळा केलाय.” मळी म्हणेनात, मळा म्हणू लागले.

पावणे नावेतून आले ते तावातावानंच. मी त्या दिवशी घरी होतो.

“हे माझं रान हाय,” ते म्हणाले. “माझं रान व्हाऊन हितं आलंय.”

“तुझ्या रानावर काय शिक्का मारला हुता का?” आण्णांनी विचारलं.

“शिक्का न्हाई, पर माती वळखतो मी माझी.”

“मग ने की भरून घमेल्यानं! कोन आडीवतंय?”

पावण्यांनी घायपाताची दोन रोपं उपटली आणि पाण्यात भिरकावली. आण्णांनी कुऱ्हाडीचा दांडा उचलला. मी आणि काकी मध्ये पडलो म्हणून त्या दिवशी रक्त निघालं नाही. नावेत चढताना पावणे ओरडले, “आजपासनं तुमची लेक तुमास्नी मेली!”

आणि ते खरं केलं त्यांनी. त्या दिवाळीला बहिणीला माहेरी पाठवलं नाही. नागपंचमीला नाही, पुढच्या दिवाळीलाही नाही. पाणवठ्यावर ती धुणं धुताना इकडच्या काठावरून दिसायची. काकी हाक मारायची. ती मान वर करायची नाही. तिची सासू शेजारी बसलेली असायची.

मी तोवर सांगलीला कॉलेजात मराठी शिकवू लागलो होतो. भाड्याच्या खोलीत राहायचो, शनिवारी एसटीनं गावी जायचो. गावाकडचे शब्द गोळा करायची मला खोड होती. पुस्तकात नसलेले, पण माणसांच्या तोंडात असलेले. हे कळल्यावर रेडिओवरून मला बोलावणं आलं. नदीकाठच्या एखाद्या शब्दावर पाच-दहा मिनिटं बोला म्हणाले. मी मळी निवडली. त्या शब्दाइतका दुसरा कुठलाच शब्द मला ठाऊक नव्हता. गावाचं नाव मी घेणार नव्हतो, भांडणाचा उल्लेख करणार नव्हतो. शब्दाबद्दल बोलायला कुणाची परवानगी काढावी लागते असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, मळी हा शब्द मळ या शब्दाच्या घरातला दिसतो. पाण्यानं वाहून आणलेला मळ, गाळ, तो जिथं बसला ती मळी. साखर कारखान्यातून निघणाऱ्या काळ्या चिकट रसालाही आपण मळीच म्हणतो, तोही खाली राहिलेलाच. दुसरी, काहींना तो मळा या शब्दाचा धाकटा भाऊ वाटतो, पण मळा म्हणजे पाणी पाजून केलेलं बागायत, आणि मळीला कुणी पाणी पाजत नाही, त्यामुळे हे नातं मला लंगडं वाटतं. तिसरी गोष्ट मला कॉलेजातल्या कानडी शिकवणाऱ्या मित्रानं सांगितली होती. जुन्या कानडीत मळल म्हणजे वाळू. तो म्हणाला, आता आमच्याकडं वाळूला उसुकु म्हणतात, पण जुन्या ग्रंथांत मळल आहे. कृष्णा पुढं कानडी मुलखात जाते, तेव्हा शब्द उलटा नदीनं वर आला असेल, कुणी सांगावं. ठाम काही सांगता येत नाही, असं मी म्हणालो. आणि शेवटी म्हणालो, “शब्द कुठूनही आलेला असो, काठावरच्या माणसाच्या मनात त्याचा अर्थ पक्का आहे. मळीला बांध नाही, म्हणून मळीला मालक नाही. नदी देते, नदी नेते.”

संध्याकाळी ते लागलं. आमच्या गावात चावडीपुढं ट्रान्झिस्टर लावून माणसं बसली होती, हे मला नंतर कळलं. पलीकडच्या गावातही बसली होती.

शनिवारी मी एसटीतून उतरलो तर फाट्यावरच्या हॉटेलात बसलेल्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि चहात तोंड घातलं. घरी आलो. आण्णा सोप्यात बसले होते. मी पायांवर पाणी घेत होतो, तेवढ्यात त्यांनी सुरुवात केली.

“रेडिओवर काय बरळलास रं?”

“शब्दाबद्दल बोललो, आण्णा.”

“शब्दाबद्दल! आन मालक न्हाई हे कुनाबद्दल बोललास?”

“ते तर तुमचंच आहे. तुम्हीच म्हणायचा.”

“म्या तवा म्हणलो. तवा मळी तकडं हुती.” हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. ते पुढं म्हणाले, “बरं, कशापासनं झाली म्हणालास मळी?”

मी पुन्हा सांगितलं. मळ, मळा, मळल.

“मळ्यापासनं झाली म्हणून सांगायचं आन गप बसायचं. मळा म्हंजे मालकीचं रान. शेंबड्या पोराला कळतंय त्ये तुला कळंना व्हय?”

“तसं म्हणायला आधार नाही, आण्णा. मळी वेगळी, मळा वेगळा.”

“आधार?” ते उठून उभे राहिले. “तुला आधार कुनी दिला रं? बाप गेला तवा तुझ्या कानड्या दोस्तानं दिला का? ह्या रानात राबून शिकीवला तुला. आन तू सगळ्या मुलखाला सांगतुयास की ह्या रानाला मालक न्हाई?”

काकी आतून म्हणाली, “आवं, जेवू तर द्या त्याला.”

“त्याच्या कानड्याकडं जाऊन जेव म्हणावं!”

मी म्हणालो, तुम्हाला खोटं बोललेलं चालतं आणि मला चालत नाही. हे मी वरच्या आवाजात म्हणालो. यावर त्यांनी माझी पिशवी उचलली आणि अंगणात फेकली. पिशवीतले मुलांच्या परीक्षेचे पेपर शेणात पडले. ते मी गोळा करत असताना आण्णा दारात उभे होते आणि म्हणत होते, “पुना ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर बघ.”

मी तिथूनच नदीवर गेलो. म्हटलं, एका घरातून हाकललेलं आहेच, तर दुसरीकडं बहिणीला तरी बघून येऊ. नावाडी मला ओळखत होता. “बसा,” तो म्हणाला, “पर मधी बसा. दगुड कुठल्या काठावरनं यील सांगता याचा न्हाई.” विनोद म्हणून म्हणाला असेल. पण तो हसला नाही.

पावणे ओट्यावरच होते. बसा म्हणाले नाहीत.

“या. आमच्या रानाला घाण म्हणणारं प्राध्यापक आलं.”

“मी घाण म्हणालो नाही, पावणं. मळ म्हणजे गाळ.”

“मळ म्हंजे मळ. कारखान्याचं नाव बी घेतलंसा. नाक दाबून चालावं लागतंय त्या मळीच्या कडंनं, आन त्येच्या पंक्तीला माझं रान बशीवलंत.” मग आवाज खाली आणून म्हणाले, आणि हे त्यांचं बोलणं मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं, “हिकडं हुतं तवर ते माझ्या बापजाद्याचं काळं रान हुतं. तकडं गेलं की मळी झालं व्हय? चोरलेला बैल चोराच्या गोठ्यात गेला की त्येचं नाव बदलत्यात, तसलीच ही गत. आन नाव बदलून द्यायचं काम तुमचं.”

याला माझ्याकडं उत्तर होतं. भाषा कुणाच्या बाजूची नसते, वगैरे. ते त्या ओट्यापुढं उभं राहून मला म्हणवलं नाही.

बहीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. दोन वर्षांत ती खूप वाळली होती. तिनं तांब्या माझ्या हातात दिला नाही, कट्ट्यावर ठेवला. मी गोठ्याच्या बाजूला गेलो तशी ती मागून आली.

“आक्का, कशी हाईस?” मी विचारलं. तिच्याशी मी घरच्याच बोलीत बोलायचो.

“तुला ह्योच शब्द घावला का रं?” ती म्हणाली. “नदीला काय शब्द कमी हायती? डोह हाय, उतार हाय, दरड हाय, भवरा हाय. त्यातला कुटला बी घ्यायचा. मळीच पायजे हुती तुला?”

“मी कुणाच्या बाजूनं बोललो न्हाई.”

“तेच तर. कुनाच्या तरी बाजूनं बोलला असतास तर निदान एका घरात तरी बरं झालं असतं. आता सासूनं माझ्या हातचं खाणं सोडलंय. तुझ्या भावानं आमच्या रानाला घाण म्हणलं, म्हणत्यात. तू रेडिओवर बोलतोस आन हितं चुलीम्होरं मी ऐकते.” तिनं पदर खोचला. “पाणी पी आन जा.”

मी पाणी प्यालो नाही. रागानं प्यालो नाही. नाव परत जायला अजून वेळ होता, तेवढा वेळ मी वाळूत बसून काढला, दोन्ही गावांकडं पाठ करून.

पुढं उन्हाळ्याच्या तोंडाला पावण्यांच्या तक्रारीवरून मामलेदार जागा पाहायला येणार असं ठरलं. त्याच्या आधी मला दोन निरोप आले. एक आण्णांचा, गावच्या एका मास्तरांकरवी, ‘येऊन मळ्यापासनं झाली एवढंच म्हण, घरचं दार उघडंल.’ दुसरा पावण्यांचा, ‘येऊन मालक न्हाई एवढंच म्हणा, तुमच्या बहिणीला दिवाळीला धाडतो.’ दोघांनाही मी हवा होतो, आणि माझ्यातला अर्धाच हवा होता. मला दोघांचीही चीड आली. पण गेलो.

मळीवर सकाळपासून माणसं जमली होती. आमच्या बाजूची घायपाताच्या कडेला, पलीकडची नावेतून उतरून पाण्याच्या कडेला. आण्णांची वांगी लागलेली होती, टपोरी, जांभळी. पलीकडच्या पोरांनी येता येता चार-दोन झाडं मुद्दाम तुडवली. शिव्या चालल्या होत्या. बाई-माणसाचं भान कुणाला राहिलं नव्हतं. मामलेदार छत्री धरून आले आणि दोन्ही बाजूंना गप्प बसवायलाच त्यांचा बराच वेळ गेला.

पावण्यांनी साक्षीदार म्हणून माझ्या बहिणीला पुढं केलं. ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

मामलेदारांनी विचारलं, “बाई, तुमचं काय म्हणणं?”

“मी लगीन हून आले तवा हे रान आमच्या काठाला हुतं,” ती म्हणाली. “मी हितं भांगलायला येत हुते. हीच माती हाय.”

“हीच कशावरून?”

“हातानं कळतंय.”

आण्णा ओरडले, “मी वाढीवली तुला! माझ्या घरचं खाऊन माझ्यावर उलटलीस?” बहिणीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती पाण्याकडं बघत राहिली.

मग मामलेदार माझ्याकडं वळले. “रेडिओवर बोलणारे तुम्हीच ना? मीही ऐकलं. या शब्दाचा अर्थ सांगा.”

मी सांगितला, रेडिओवर सांगितला तसाच. मळ, मळा, मळल. आणि शेवटी, बांध नाही म्हणून मालक नाही.

“हे पुस्तकातलं का?”

“नाही साहेब.”

“मग कुणी सांगितलं?”

तिथं मला थांबता आलं असतं. सगळा काठ माझ्याकडं बघत होता. मी आण्णांकडं पाहिलं. त्यांनी नकळत मान हलवली. नको, असं. मी म्हणालो, “माझ्या या चुलत्यांनी.” आणि पलीकडच्या मळीत त्यांनी काकडी टोचली तेव्हाची सगळी हकिगत सांगितली.

पावण्यांनी टाळी वाजवली. “बोला की आता! बोला!”

मामलेदारांनी त्यांना हातानं थांबवलं. “म्हणजे प्राध्यापक, जमीन या पावण्यांची म्हणायची?”

“नाही,” मी म्हणालो. “त्यांचं रान तुटून गेलं हे खरं आहे. पण इथं बसलंय ते त्यांचं रान नाही. महाबळेश्वरापासून वाटेत जेवढी गावं आहेत त्या सगळ्यांची माती आहे ही. त्यांची थोडी असेल. माझी बहीण खोटं बोलत नाही. पण मळी त्यांचीही नाही.”

पावण्यांचे हात टाळीसाठी उचलले होते ते तसेच राहिले.

मामलेदार जरा विचार करून म्हणाले, “दोघांचाही मालकी हक्क नाही, तर मग ती सरकारची. रीतसर काय ते कळवू.” आणि छत्री सावरत निघाले.

आण्णा माझ्यापुढं आले. मला वाटलं मारतील. त्यांनी खाली वाकून ओंजळभर ओला गाळ उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. “घे! ह्यो घे तुझा अर्थ!” गाळ डोळ्यांत गेला, तोंडात गेला. कुणीतरी हसलं. डोळे चोळून मी बघतो तो आण्णा परत फिरताना चिखलात घसरले होते, आणि त्यांचा दंड पावण्यांनी धरला होता. दोन वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच हात लावला होता. पावणे म्हणत होते, “आवं, सांभाळून. जाऊ द्या. घरातच साप पाळल्यावर काय व्हणार?” आणि आण्णा म्हणाले, “व्हय गड्या.”

बहीण तोवर नावेकडं निघाली होती. मी नदीत तोंड धुतलं आणि फाट्यावर येऊन एसटीची वाट बघत उभा राहिलो. शर्टावरचा गाळ वाळून पांढरा पडला. शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, उभ्यानं सांगलीला आलो.

सरकारनं ती मळी ताब्यात घेतली आणि वर्षाच्या बोलीनं कसायला दिली. वरच्या अंगाच्या एका गावातला कलिंगडं करणारा माणूस आला, झोपडी घालून राहिला. दोन्ही गावांना तो परका. त्याच्या कुत्र्यानं दोन्हीकडच्या माणसांना सारखंच भुंकावं. आण्णा आणि पावणे आपापल्या काठावर उभे राहून त्याच्या वेलांकडं बघायचे आणि नदीच्या वरून एकमेकांना हाका मारून मला शिव्या घालायचे, असं नावाड्यानं मला नंतर सांगितलं. पुढं हाका मारायचा कंटाळा आला म्हणून पावणे नावेतून येऊ लागले. सोप्यात बसून चहा व्हायचा. विषय मी. मी कसा लहानपणापासूनच उलट्या काळजाचा, हे आण्णा सांगायचे. शिकलेली माणसं सगळी तसलीच, हे पावणे सांगायचे.

त्यानंतरच्या दिवाळीला बहीण माहेरी आली. मला कुणी कळवलं नाही. भाऊबीजेला दोन दिवस होते, तेव्हा इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर ती अचानक दिसली. मी कुठल्याशा कार्यक्रमाहून परतत होतो, ती नवऱ्याबरोबर बाजारहाट करून निघाली होती. नवरा गाडीची चौकशी करायला गेला होता. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं. चेहरा भरला होता.

“आण्णांनी घेतलंय,” मी लुगड्याकडं बघतोय हे पाहून ती म्हणाली.

“बरं झालं. काकी कशी आहे?”

“बरी हाय. तुझी लय आठवण काढती. चोरून काढती.”

मी म्हणालो, “भाऊबीजेला मी येतो. आण्णा काय म्हणायचं ते म्हणू देत. उंबऱ्याच्या बाहेर बसून ओवाळून घेईन.”

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग माझा दंड घट्ट धरला, लहानपणी नदीत उतरताना धरायची तसा.

“येऊ नगंस,” ती म्हणाली. “ऐक माझं. दोघं बसत्यात तुला शिव्या देत, आन त्यातच त्यांचं जुळलंय. तू येऊन दारात बसलास तर आण्णाच्या पोटात माया यील, मग सासऱ्यांच्या डोक्यात परत रान यील. परत सगळं मोडंल. मला म्हायेर पायजे रं. तू हाईस सांगलीला, तुझी नोकरी हाय.”

“म्हणजे मी कायमचा वाईट?”

“व्हय,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण तिनं शब्द मागं घेतला नाही. “वाईट ऱ्हा.”

मला संताप आला. तिचाही आला. खरं बोललो म्हणून गाळ खाल्ला मी, आणि सण साजरा करणार हे सगळे. तसं मी बोललोही. ती ऐकून घेत राहिली. तिचा नवरा येताना दिसला तशी तिनं माझा दंड सोडला आणि दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली, जणू कुणी अनोळखी माणूस वेळ विचारत होता.

मी गेलो नाही. त्या भाऊबीजेला नाही आणि नंतरच्याही नाही. आण्णा गेल्याचं मला कॉलेजात फोनवर कळलं, तसा मी गावी निघालो. पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. खांदेकऱ्यांत पुढं पावणे होते. त्यांनी मला पाहिलं, पण आपली जागा सोडली नाही. मी मागच्या बाजूला खांदा दिला.